उघड्या अक्षराचा इतिहास

१

अक्षरबंदीविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्मग्रंथांनी शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञान नाकारले. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून त्या बंदीला तडा दिला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळून त्या बंदीचा नैतिक आधारच नाकारला. हा इतिहास आपल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु अक्षरबंदीचे दोन प्रकार असतात, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिल्या प्रकारात अक्षर तुमच्या दृष्टीलाच पडू दिले जात नाही. दुसऱ्या प्रकारात अक्षर तुमच्यासमोर ठेवले जाते, त्यावर तुमचा अंगठाही घेतला जातो, पण त्याच्या आत तुम्हाला शिरू दिले जात नाही. पहिली बंदी कायद्याने उठली. दुसरी मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर नवे रूप घेऊन येते. संगणकाच्या पडद्यावरील मजकुराच्या संदर्भात या दुसऱ्या बंदीचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. वेबपानावरील रंग, चित्रे, जाहिराती, हलणाऱ्या पट्ट्या हे सारे बाजूला सारून त्यातील निव्वळ मजकूर टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे साधा मजकूर लिहिण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या साधनात उघडून वाचण्याची एक पद्धत आहे. ही पद्धत वेबइतकीच जुनी आहे. थोड्या संगणकतज्ज्ञांची ती हौस आहे, असे समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. पण या पद्धतीने एखादे मराठी पान उघडले की त्या पानाचे अंतरंग बाहेर पडते. पडद्यावर जे दिसत होते ते आत खरोखर लिहिलेले आहे की नाही, याचा निकाल तेथे लागतो. दिसणारे आणि लिहिलेले यांतील या अंतराने नंदुरबारसारख्या जिल्ह्यात माणसांच्या जमिनी गेल्या आहेत. म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे.

२

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, तर या जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. एका बाजूला तापीकाठची काळी, पाण्याची जमीन आणि दुसऱ्या बाजूला सातपुड्याचे डोंगर, अशी याची रचना आहे. तापीकाठच्या जमिनीचे एकेकाळचे कसणारे भिल्ल त्याच जमिनीवर सालदार आणि मजूर कसे झाले, हा शहाद्याच्या चळवळीचा मूळ प्रश्न होता.

ही जमीन नेहमीच लाठीने गेली नाही. बरीचशी कागदाने गेली. दुष्काळात घेतलेले धान्य, लग्नासाठी काढलेले कर्ज, त्यासाठी दिलेला अंगठा आणि पुढे त्या अंगठ्यावर लिहिला गेलेला मजकूर, ही वाट खानदेशात कोणालाही नवी नाही. गहाण म्हणून सांगितलेला व्यवहार कागदावर खरेदी म्हणून उतरे. ज्याचा अंगठा होता त्याने कागद पाहिलेला असे. तो कागद त्याच्या डोळ्यांसमोर होता. पण मजकूर सावकाराच्या आणि तलाठ्याच्या ताब्यात होता. कागद दिसणे म्हणजे मजकूर मिळणे नव्हे, हा धडा येथील आदिवासींनी फार मोठी किंमत देऊन शिकला.

१९७१ च्या मे महिन्यातील पाटीलवाडीच्या प्रकरणानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन परत मिळवण्याच्या लढ्यात मोर्चे आणि घेराव जितके महत्त्वाचे होते, तितकेच जुने सातबारा आणि फेरफार शोधून ते मोठ्याने वाचून दाखवणेही महत्त्वाचे होते. शासनाला १९७४ चा अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेल्या हस्तांतरणांना तो लागू झाला. म्हणजे राज्यानेच अप्रत्यक्षपणे मान्य केले, की कागदावर नीटनेटके दिसणारे ते व्यवहार आतून तसे नव्हते.

सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर याच इतिहासाची पुढची पायरी दिसते. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ साली आला. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांचे भवितव्य त्यात ठरले होते. तो निवाडा इंग्रजीत होता आणि ज्यांची गावे बुडणार होती त्यांची बोली पावरी किंवा भिलोरी होती. पुढे आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यातील कलमे बोलीत समजावून सांगितली, तेव्हा ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ हे शब्द गावकऱ्यांच्या तोंडी आले. मजकूर हाती आल्यावर मागणीची भाषा बदलते. दयेची याचना संपते आणि कलमाचा आधार घेऊन बोलणे सुरू होते.

३

आता वेबच्या जन्माकडे वळू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिले काम करणारे रूप तयार केले. त्याने लिहिलेला पहिला ब्राउझर हा केवळ पान दाखवणारा नव्हता. त्याच खिडकीत पान वाचता येई आणि त्याच खिडकीत पान लिहिताही येई. वाचणारा आणि लिहिणारा यांच्यात भिंत नसावी, ही त्यामागील भूमिका होती. परंतु हा प्रोग्राम एका महागड्या आणि दुर्मीळ संगणकावरच चालत असे. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने १९९१ साली दुसरा, अगदी साधा ब्राउझर लिहिण्याचे काम केले. तो केवळ ओळीमागून ओळ मजकूर दाखवी. दुव्यांना आकडे असत आणि आकडा टाइप केला की पुढचे पान येई. कसल्याही स्वस्त, जुन्या यंत्रावर तो चाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. कोणाची परवानगी नको आणि कोणाला पैसे नकोत.

म्हणजे वेबचा आरंभ साध्या मजकुरापासून झाला. वेबपान म्हणजे मुळात मजकुराचीच एक फाइल असते. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा असे सांगणाऱ्या खुणा त्यात कोनी कंसांत घातलेल्या असतात. ब्राउझर त्या खुणा वाचून पान सजवतो. खुणा काढल्या की उरतो तो मजकूर.

१९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून मोझॅक हा ब्राउझर आला. त्यात मजकुराच्या ओळींमध्येच चित्रे दिसू लागली आणि वेब झपाट्याने लोकप्रिय झाले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट त्या लोकप्रियतेत हरवली. मोझॅकमध्ये पान पाहता येई, लिहिता येत नसे. पुढे आलेल्या बहुतेक ब्राउझरांनी हीच विभागणी कायम केली. बहुसंख्यांनी पाहायचे आणि थोड्यांनी लिहायचे. आपल्या समाजाला ही विभागणी ओळखीची वाटावी. पोथी एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी हात जोडून ऐकायची, ही व्यवस्था आपण शतकानुशतके पाहिली आहे. तंत्र तयार करणाऱ्यांच्या मनात तसा हेतू होता, असे येथे म्हणायचे नाही. परंतु वाचन आणि लेखन यांची फारकत झाली की वाचकाचा प्रेक्षक होतो, हा सामाजिक नियम तंत्रालाही लागू पडतो.

४

या प्रवाहाच्या विरुद्ध काही लोक साध्या मजकुराला चिकटून राहिले. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली लिंक्स हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर तयार झाला. तो आजही वापरात आहे. दुसरी परंपरा टेक्स्ट एडिटरची. ईमॅक्स या एडिटरचा जन्म १९७६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली त्याची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली. मुक्त याचा अर्थ असा, की तो कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात विल्यम पेरी यांनी या एडिटरच्या आतच वेबपाने उघडण्याची सोय लिहिली. २०१४ साली आलेल्या २४.४ या आवृत्तीपासून तशी सोय ईमॅक्समध्ये अंगभूतच झाली. पान एडिटरमध्ये येते तेव्हा पानातील प्रोग्राम चालत नाहीत, जाहिराती नाचत नाहीत, मागावर असलेल्या कंपन्यांचे बहुतेक सापळे निकामी होतात. मजकूर तुमच्या नेहमीच्या वहीत उतरावा तसा उतरतो. तो शोधता येतो, उचलता येतो, त्यावर टिपण करता येते. जेथे वाचायचे तेथेच लिहायचे, ही पहिल्या ब्राउझरमागची भूमिका येथे पुन्हा जिवंत होते.

या इतिहासात महाराष्ट्राचा एक महत्त्वाचा वाटा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. टी. व्ही. रमण हे पुण्यात वाढलेले संगणकशास्त्रज्ञ. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीत पुढचे शिक्षण घेतले आणि १९९४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. गणिताचा मजकूर यंत्राने अर्थपूर्णपणे वाचून कसा दाखवावा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ साली त्यांनी ईमॅक्सला बोलता करणारा ईमॅक्सस्पीक हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याच्या साहाय्याने अंध माणूस एडिटरमध्ये पत्र लिहू शकतो आणि त्याच एडिटरमध्ये वेबपान ऐकूही शकतो.

रमण यांच्या कामाचे मर्म असे. डोळस माणसासाठी तयार केलेले पडद्याचे चित्र घेऊन त्याचे वर्णन आवाजात करणे, हा अंधांसाठीच्या साधनांचा रूढ मार्ग होता. त्यांनी तो नाकारला. चित्राच्या मागे जो मजकूर आणि जी रचना आहे, तिथपर्यंत थेट पोचायचे आणि तेथून बोलायचे, हा त्यांचा मार्ग. दुसऱ्याच्या नजरेतून उष्टे मिळणारे जग नको, मूळ मजकूर हवा. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, बरोबरीच्या नात्याचा होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहातही पाणी कोणी आणून ओतावे, ही मागणी नव्हती. तळ्यापर्यंत स्वतः जाण्याचा हक्क हवा होता.

५

आतापर्यंतचा इतिहास रोमन लिपीचा झाला. देवनागरीचे काय झाले, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, हे आधी ठरवावे लागते. १९६३ साली अमेरिकेत यासाठी ॲस्की हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजीचा संसार मावला आणि भारतातील एकाही लिपीचे एकही अक्षर त्यात नव्हते. भारतात यावर मूलभूत काम झाले ते कानपूरच्या आयआयटीत. ऐंशीच्या दशकात तेथे तयार झालेले तंत्र पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली प्रमाणित झाला. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातील लिप्यांच्या त्या समाईक यादीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. म्हणजे वेब सार्वजनिक झाले त्याच वर्षी देवनागरीला जागतिक स्तरावर स्वतःची ओळख मिळालेली होती.

तरीही पुढची दहा-बारा वर्षे मराठी वेबपाने त्या ओळखीने लिहिली गेली नाहीत. युनिकोड देवनागरी नीट दाखवण्याची सोय सामान्य संगणकांत येण्यास २००० सालची विंडोज २००० ही प्रणाली यावी लागली. ती घरोघर आणि कार्यालयांत पोचण्यास आणखी वर्षे गेली. दरम्यान बाजाराने दुसरा तोडगा काढला. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेले फॉन्ट तयार झाले. संगणक समजे की आपण रोमन अक्षर लिहीत आहोत. पडद्यावर मात्र ‘क’ दिसे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमध्ये जेथे ‘क’ तेथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये ‘ग’ किंवा नुसता काना. वृत्तपत्रांनी आपापले फॉन्ट केले, शासकीय कार्यालयांनी वेगळे घेतले, छापखान्यांनी आणखी वेगळे.

अशा काळातील एखादे मराठी पान टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. फॉन्टचा मुखवटा गळून पडतो. खाली उरतात रोमन अक्षरांचे तुकडे, स्वल्पविराम, टक्क्यांची चिन्हे आणि युरोपीय भाषांतील टोप्या घातलेली अक्षरे. मराठीचे एक अक्षरही तेथे नसते. पडद्यावर मराठी दिसत होती, पण लिहिली गेलीच नव्हती. ते पान शोधयंत्राला सापडत नाही, अंधासाठी वाचून दाखवणाऱ्या यंत्राला उच्चारता येत नाही, दुसऱ्या संगणकावर नेले की कळत नाही. साधा मजकूर पाहण्याची पद्धत येथे निर्दय परीक्षकाचे काम करते.

या परीक्षेत मराठी पानांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग युनिकोडमध्ये लिहिलेल्या पानांचा. ती एडिटरमध्येही मराठीच राहतात. दुसरा वर्ग जुन्या फॉन्टच्या पानांचा, ज्यांचा उलगडा वर केला. तिसरा वर्ग छायाचित्रांचा. कागदाचा फोटो काढून किंवा स्कॅन करून तो पानावर डांबलेला असतो. तेथे एडिटरमध्ये एक रिकामी जागा उरते. चौथा वर्ग अलीकडच्या काळातला. पानात मजकूर नसतोच, मजकूर आणणारा प्रोग्राम तेवढा असतो. तो चालवण्यास ताकदीचे यंत्र आणि भरपूर जाळे लागते. तो चालला नाही तर पान कोरे.

६

या वर्गवारीचा नंदुरबारशी संबंध काय? २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. देशाच्या संगणकीय राज्यकारभाराच्या एका मोठ्या पर्वाचा आरंभ या जिल्ह्यातील आदिवासी वस्तीतून झाला. बारा आकड्यांचा तो क्रमांक माणसाला ओळखणारा होता. राज्यसंस्थेने आदिवासी माणसाला वाचण्याची सोय केली, पण आदिवासी माणसाला राज्यसंस्था वाचता यावी याची तेवढीच सोय झाली का, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. अंगठा तेव्हाही घेतला जात होता, आताही घेतला जातो. शाईची जागा यंत्राने घेतली. अंगठ्यासमोरचा मजकूर कोणाच्या हाती आहे, हा शहाद्याच्या चळवळीचा प्रश्न मात्र जागचा हललेला नाही.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार शासकीय कार्यालयांनी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करायची आहे आणि ती करताना स्थानिक भाषा, खर्च आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यायची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. वनहक्क कायदा २००६ चा, पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ चे. या साऱ्या कायद्यांनी ग्रामसभेला अधिकार दिले. ग्रामसभेने ठराव करायचा तर तिच्यासमोर मजकूर हवा. तिरका स्कॅन केलेला, शिक्क्यांनी झाकलेला, शोधता न येणारा कागद वेबवर टाकून ‘माहिती प्रसिद्ध केली’ असे म्हणणे, हे कागद दाखवून मजकूर नाकारण्याचेच आधुनिक रूप आहे.

येथे आकड्यांचा हिशेब करण्यासारखा आहे. आज वेबवर सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मोबाइलवरच्या लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीची ७० चिन्हे. म्हणजे उशिरा आलेल्याला पंगतीत मागची जागा, हा न्याय येथेही आहे. पण इतका जादा भार सोसूनही दोन हजार शब्दांचा मराठी लेख साध्या मजकुरात चाळीस-पन्नास किलोबाइटांत बसतो. त्याच लेखाच्या पानांचे फोटो काढले तर एकेक फोटो त्याच्या कितीतरी पट जड होतो. तोरणमाळच्या किंवा धडगावच्या डोंगरात, जेथे जाळे लागते न लागते, तेथे हलका मजकूर पोचतो आणि जड फोटो वाटेतच अडकतो. साध्या मजकुराची बाजू ही अशी दुर्बळाची बाजू आहे.

बोलीभाषांच्या दृष्टीनेही हा मुद्दा निर्णायक आहे. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या गटातील बोली मातृभाषा म्हणून सांगणारे १ कोटी ४ लाखांहून अधिक लोक होते. एवढी मोठी संख्या असूनही भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. श्रमिक संघटनेच्या लढ्यातून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली देऊन या भागातील आदिवासींचा स्वतःचा आवाज मराठी वाचकापुढे ठेवला. अशा भाषेसाठी कोणती कंपनी स्वतंत्र फॉन्ट आणि स्वतंत्र कळफलक काढणार? पण युनिकोडच्या देवनागरीत लिहिलेली पावरी, मावची किंवा देहवाली ओळ कोणाच्याही परवानगीवाचून जगातील कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. प्रमाण मराठीला जी जागा, तीच या बोलींना. छापखान्यातही जी बरोबरी क्वचित मिळाली, ती येथे मिळते. अर्थात ही यादीही आपोआप पूर्ण झालेली नाही. मराठीला नित्य लागणारे ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले, तेही मागणी केल्यावर. ज्या बोलींना आपले उच्चार लिहिण्यास चिन्हे कमी पडतात, त्यांच्या बोलणाऱ्यांनी ती मागितली पाहिजेत.

७

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ईमॅक्ससारखा एडिटर चालवणे हे इंग्रजी जाणणाऱ्या, संगणक बाळगणाऱ्या थोड्यांचे काम आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांच्या खिशात, त्याला हा इतिहास काय कामाचा? नवे तंत्रज्ञ म्हणजे नवे पुरोहितच नव्हेत काय?

आक्षेपात तथ्य आहे. आज्ञावल्यांची भाषा इंग्रजी आहे आणि या विद्येभोवती एक नवी सोवळेशाही उभी राहू शकते, नव्हे राहिलीही आहे. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने ईमॅक्स शिकावा, असा आग्रह मी धरणार नाही. मोबाइलवरील अनेक ब्राउझरांतही आज पान साधे करून वाचण्याची सोय असते आणि तिचे तत्त्व तेच आहे. परंतु साधन कोणतेही घेतले तरी त्यात उघडण्यासारखा मजकूर आधी पानात असावा लागतो. तो असण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची, प्रसिद्ध करणाऱ्याची आहे. येथे शासनाकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. प्रश्न आपल्या घरातही आहे.

आपली चळवळ नेहमीच स्वस्त, साध्या मजकुरावर वाढली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले ते छत्रपती शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. जातपात तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यावर बाबासाहेबांनी १९३६ साली आपले भाषण स्वतः छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. पँथरच्या काळातील पत्रके सायक्लोस्टाइलवर निघाली. सजावटीला पैसा नव्हता आणि तिची गरजही नव्हती. आज त्याच १९३६ च्या भाषणाची इंग्रजी संहिता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वेबस्थळावर टिपांसह ठेवलेली आहे. जगातील कोणताही विद्यार्थी, डोळस वा अंध, ती मजकूर म्हणून उघडू शकतो आणि त्यातला हवा तो शब्द शोधू शकतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची पाने वेबवर उपलब्ध झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण पानाचे चित्र उपलब्ध होणे आणि मजकूर उपलब्ध होणे यांतील फरक त्यांच्या बाबतीतही लक्षात ठेवला पाहिजे.

आणि आपली मराठी नियतकालिके? नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपले अंक, स्मरणिका, संमेलनांची अध्यक्षीय भाषणे, अहवाल त्या वेळच्या फॉन्टमध्ये जुळवले गेले. छापील प्रती कोठेतरी असतील. त्यांच्या संगणकीय फाइली मात्र फ्लॉपींत आणि सीडींत पडून आहेत आणि ज्या फाइली उघडतात त्यांत मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा चिखल दिसतो. आज आपण सभेचे निवेदन टाइप करतो, छापतो, त्याचा फोटो काढतो आणि तो फोटो गटागटांत फिरवतो. चार दिवसांनी त्यातील एक वाक्य शोधू गेले तर सापडत नाही. दहा वर्षांनी एखादा संशोधक शोधू लागेल तेव्हा त्याच्या दृष्टीने आपण काही लिहिलेच नव्हते. प्रस्थापितांचा इतिहास जपायला संस्था आहेत, अनुदाने आहेत. आपला इतिहास आपणच शोधता येईल अशा अक्षरात ठेवला नाही, तर त्याची नोंद घेण्यास कोणी बांधलेला नाही.

म्हणून काही कामे तातडीने हाती घेतली पाहिजेत. प्रत्येक निवेदन, ठराव आणि पत्रक युनिकोडमध्ये टाइप करून, फोटोबरोबर त्याचा मजकूरही पाठवावा. जुन्या फॉन्टमधील फाइली युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. महाविद्यालयांतील मराठीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या नियतकालिकांचे जुने अंक अशा रीतीने बदलून, तपासून घ्यावेत. त्यात विद्यार्थ्यांचे वाचनही होईल. ग्रामसभांचे ठराव बोलीत आणि मराठीत, दोन्हींत, मजकूर म्हणून नोंदवावेत. शासकीय कार्यालयाने स्कॅन केलेला अवाच्य कागद प्रसिद्ध केला, तर कलम चारचा आधार घेऊन मजकुराची लेखी मागणी करावी. आणि कोणतेही मराठी पान आपले म्हणण्यापूर्वी ते एकदा साध्या एडिटरमध्ये उघडून पाहावे. त्यात मराठी उरते का, एवढीच परीक्षा. ती घ्यायला पैसे लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

शहाद्याच्या मजुरांनी पन्नास वर्षांपूर्वी तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार मोठ्याने वाचायला लावले, तेव्हा गेलेल्या जमिनीचा हिशेब सुरू झाला. आता ते दप्तर पडद्यावर आले आहे. मागणी मात्र तीच आहे : कागदाचे चित्र नको, त्यातला मजकूर आमच्या हाती द्या.